सात नंबर

गिरणी बंद झाल्यावर भंगाराच्या लिलावात
मी एकच बोली लावली : सात नंबरच्या फोर्कलिफ्टची मोटर.
लिलाववाला म्हणाला, हिल्क्का, लोणचं घालणार का हिचं?
मी पैसे मोजले. पावती चष्म्याच्या डबीत ठेवली.

गाडी वडलांची, जुनी साब, इंजिन केव्हाच गारठून मेलेलं.
दोन हिवाळे लागले.
बॅटऱ्या एका ठोकलेल्या गाडीच्या, मागच्या सीटखाली निजवल्या.
मोटर आणि गिअरबॉक्सच्या मधली तबकडी
तीनदा कातून घेतली, तिसऱ्यांदा
केसभरही फट उरली नाही.
पेट्रोलची टाकी होती तिथे आता बटाटे मावतात.

तपासनिसाने बॉनेट उघडलं आणि बघत राहिला,
रिकाम्या घरात हाक मारून कुणी थांबावं तसा.
मग शिक्का मारला.

एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर.
चढ नसेल तर, वारा पाठीशी असेल तर.
ओइवाचं घर पाचशेवर.

आमच्याकडे वाहनतळांवर खांब असतात,
थंडीत इंजिनं उबवायला.
उन्हाळ्यात त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.
पुओलांकाला चर्चमागे असा एक सापडला,
झाकणाआड कोळ्याचं जाळं, आणि वीज.
पण घड्याळाची खुंटी दोनच तासांची.
दोन तास झाले की टक्, सगळं गप्प.
म्हणून जूनमध्ये, मावळायचं विसरलेल्या उन्हात,
मी रात्रभर उठत होते, तान्ह्याच्या आईसारखी,
पायजम्यावर रबरी बूट चढवून,
खुंटी पिळायची, परत आडवं व्हायचं.
सकाळी दानपेटीत दहाची नोट टाकली.
देवाला विजेचा काय दर पडतो, कुणाला विचारणार?

पुदासयार्वी. रानुआ. सत्तरच्या वेगाने.
लाकडाचे ट्रक मागून खेकसत, मग ओलांडून जात.
एक रेनडिअर रस्त्याच्या मधोमध.
आवाजच नाही, तर हटणार कशाला?
थांबलेली गाडी काही खात नाही, हे मला आवडतं.
आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो, फुकटात.

रोवानिएमीच्या पुढे गणित चुकलं. समोरून वारा.
काटा लाल झाला तेव्हा एका शेतघरात शिरले.
बाई म्हणाली, तीन फेजचं सॉकेट एकच आहे, सौनाच्या भट्टीचं.
आणि आज शनिवार.
तीन मुलं, खांद्यावर टॉवेल, अंगणात उभी.
मी म्हटलं, मग राहू दे.
तिने भट्टीची वायर स्वतः उपसली,
मुलांना म्हणाली, तळ्यात जा.
धाकट्याने माझ्या चाकाला लाथ मारली,
हळूच, हक्काची.
ही उधारी मी कुठल्या नाण्यात फेडू?

ओइवा आणि मी एकोणीस वर्षं एका पाळीत.
तो सातवर, मी चारवर.
करारावर मी सही केली, त्याने नाही केली.
मला वाटलं, निम्म्यांच्या तरी नोकऱ्या वाचतील.
एकही वाचली नाही.
शेवटच्या दिवशी तो माझ्यासमोरून गेला,
किल्ली खिळ्याला अडकवून, न बोलता.

काल चार टक्क्यांवर त्याच्या वाटेला वळले.
तो पाठमोरा, सरपण फोडत होता.
माझ्या गाडीला आवाज नाही,
फक्त वेग उतरताना एक बारीक शीळ,
कागदाच्या रिळांमागून यायची, तीच,
तो दिसायच्या आधी.

कुऱ्हाड वर गेली ती वरच राहिली.
मागे न बघता म्हणाला,
"डावं बेअरिंग. तेव्हाही असंच रडायचं."

मी बराच वेळ शब्द शोधले, सहीबद्दलचे,
पाचशे किलोमीटर घोकलेले.
मग विचारलं, सॉकेट कुठे आहे?