जॉब शीट

गुरुवार. रात्रीचे सव्वानऊ. मनामा, अदलिया.
हॉटेलचं तळघर. दार मागच्या गल्लीत,
शवर्मावाल्याच्या सिलिंडरला वळसा घालून.
तक्रार : एसी थंड करत नाही.
ऑगस्ट. बाहेर भिंतींनाही घाम.

मॅनेजर रोहिता म्हणाला, आज तीन बँड आहेत, परकार,
आज मरू देऊ नकोस.
मला वाटलं, एसीबद्दल बोलतोय.

शिडीला जागा एकच, ड्रमच्या मागे.
छताची फळी सरकवून कमरेपर्यंत वर गेलो :
पाय पबमध्ये, डोकं डक्टमध्ये.
पत्र्यातून गाणं आधी माझ्याकडे यायचं,
मग खाली लोकांकडे, थोडं उरलेलं.

पहिला बँड मारिसेलचा. दिवसा ती सलूनमध्ये
बायकांची नखं रंगवते.
रात्री अशी किंचाळते
की डक्टमधली तीन वर्षांची धूळ
माझ्या पापण्यांवर उतरली.

दुसऱ्या बँडचं नाव ‘कॅन्सल व्हिसा’.
बासवर बिजू, सिमेंट कंपनीच्या अकाउंट्समधला,
टाय अजून खिशातून लोंबतोय.
ड्रमवर म्हापशाचा आग्नेल.
पात्रांव, शिडी घट्ट धर, तो म्हणाला, मी जोरात वाजवतो.
आणि वाजवलं. पाना थरथरला, दात थरथरले,
एक स्क्रू बोटांतून निसटून
थेट झांजेवर. टण्ण.
आग्नेलनं वर पाहिलंही नाही,
पुढच्या फेरीत बरोब्बर तिथेच
स्वतः टण्ण केलं.

ब्लोअरचा कपॅसिटर फुगला होता, बेडकाच्या गळ्यासारखा.
नवा लावला. तोवर खाली तिसरा बँड :
इथलीच पोरं, मुहर्रकची.
गाणारा जासिम. त्याचा आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा,
रोहितानं सांगितलं होतं.
(इथे सगळ्यांचेच आजे बुड्या मारायचे.)

स्विच टाकला.
ब्लोअर, अँप, माईक, दिवे,
कुणा शहाण्यानं सगळं एकाच लाइनीवर घेतलेलं.
सगळं गेलं.

काळोख. गिटारच्या उरल्या नुसत्या तारा,
तवा खरवडल्यासारख्या.
काय झालं बघायला डोकं खाली काढलं.
जासिम थांबला नव्हता.
माईक टाकून दिला होता, आणि आवाज
गळ्यातून छातीत, छातीतून पोटात,
उतरतच गेला, शब्द संपले तरी,
एक लांब, जाड हुंकार.
दाभोळला वाळूतून होडी ओढताना
बाप असाच आवाज काढायचा.
होडी हलली की थांबायचा.
हा थांबेना.

माझ्या कपाळाला टॉर्च.
सबंध तळघरात उजेड तेवढाच.
मान वळवली तर तो जासिमवर पडला,
त्याच्या मिटल्या डोळ्यांवर, ओल्या गळ्यावर.
कुणीतरी टाळी धरली. मग टेबलं. मग ग्लास.

बोर्ड बारच्या मागे. दहा पावलं.
शिडी उतरायची, खटका वर करायचा.
माझं कामच ते.
मी मान तशीच धरून उभा.
अवघडली. तरी धरली.
मारिसेल खालून माझ्याकडे बघत होती की जासिमकडे,
ते मला दिसणं शक्य नव्हतं,
उजेडाच्या मागच्या बाजूला होतो ना.

मग उतरलो, खटका टाकला,
ब्लोअर खोकला आणि थंड वारा सुटला.
लोक ओरडले. एसीसाठी असतील.
रोहितानं पेप्सीचा कॅन दिला, माझी पिण्याची हद्द त्याला ठाऊक आहे.
आग्नेलनं तो स्क्रू शोधून परत दिला,
पुसून.

व्हॅनमध्ये कानात शिट्टी वाजत होती.
बायकोचा फोन आला.
ओरडतोस कशाला, म्हणाली, मी ऐकतेय.

डॅशबोर्डवर जॉब शीट भरली.
दोष : कपॅसिटर. उपाय : बदलला.
विलंब : अकरा मिनिटं.
विलंबाचं कारण, या रकान्यात
‘लाइट’ एवढंच लिहिलं.
सहीसाठी पुन्हा खाली गेलो.
रोहितानं कागद बारवर ठेवून सही केली.
त्यावर ग्लासाचा ओला गोल उमटला,
ऑफिसला पोचेपर्यंत वाळेल.