चुकते

कंपूत आता छावणी नाही.
लश्करात लष्कर नाही.
ग्वाल्हेरला सवयच आहे,
वस्तू गेली तरी शब्द जागचा न हलवण्याची.
(पुण्यात कंपू म्हणजे टोळकं,
हे मला बहिणीच्या लग्नानंतर कळलं.)

म्हणून असेल, परवा ओवीचा निरोप आला,
मिस यू मावशी, पुढे एक पिवळं रडकं तोंड,
आणि मी चष्मा लावून
कोशच काढून बसले,
तीस वर्षं शाळेत मुलींना ज्यातून शब्द दिले तो,
पाठीला चिकटपट्टी लावलेला.

मिस. क्रियापद.
आधी नेमबाजांचं. बाण सुटला, लागला नाही.
कुणाचं मनबिन त्यात नव्हतं.
मग मेंढरं मोजताना एक कमी भरलं
तेव्हाही हेच कामाला आलं,
आणि पुष्कळ पुढे, केव्हातरी,
त्या एका मेंढरापायी कुणाचा तरी घास अडला.
त्याखाली गाडी, तास, संधी.
मिस्ड कॉल माझ्या आवृत्तीत नाही.

आमच्या घरात तो चांदमारीवरून आला.
नाना, म्हणजे हवालदार वाबळे,
रंगरूटांना बंदूक शिकवायचे.
गोळी वाया गेली की खंदकातून लाल निशाण हलायचं
आणि नाना वहीत लिहायचे: मि.
मला वाटे, ते सारखं 'मी' लिहितात
आणि ऱ्हस्वदीर्घात चुकतात.
बलवीर नावाच्या कुणा पोरापुढे तर ओळभर,
मि मि मि मि मि.

वही उलटी केली की आईची.
दुधाचा रतीब, खाडे,
महिनाअखेर एकच शब्द, खाली दोन रेघा:
चुकते.
मध्ये पाचसहा पानं कोरी,
दोघांपैकी कुणीच तिथवर पोचलं नाही.

रामसेवक दारातूनच ओरडे,
"आज तो चुक गओ, बाई."
म्हणजे संपलं.
आई म्हणे, चुकलं कसं, तूच चुकवलंस.
एकाच क्रियापदावर दोघं
वीस वर्षं भांडले, आपापल्या भाषेत.

मग जयारोग्यमधली ती रात्र.
डॉक्टर कोवळा होता. आवाज खाली घेऊन म्हणाला,
"वो जा चुके हैं, माताजी."
जन्मभर हिंदीत भाजी घेतलेली आई
नेमकी तेव्हा मराठीत ऐकत होती.
"कुठे चुकले?" तिनं विचारलं.
"चुकायचे नाहीत हो ते.
इथल्या गल्ल्या त्यांना डोळे मिटून..."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं.
भाषांतर माझ्याकडे होतं.
केलं नाही.

महिन्याभरानं विचारलं, आता कसं वाटतं गं?
बशी पुसता पुसता म्हणाली,
चुकल्या चुकल्यासारखं.
बशी कोरडी झाली तरी पुसत होती.

शोधून पाहा, त्या वाक्यात कर्ता सापडत नाही.
कोण चुकलं, कुठे, किती वाजता,
काही नोंद नाही. नुसतं चुकलेपण,
घरभर, भांड्यांवरसुद्धा.
इंग्रजीत मात्र 'मी' आधी उभी राहते.
हात माझा, बाण माझा,
तू होतास तिथेच होतास.

ओवीला काय लिहू?
लिहिलं, कितीनं हुकलीस गं?
खोडलं.
लिहिलं, मी पण.
तेही बरं दिसेना, ऱ्हस्व की दीर्घ ते आठवेना क्षणभर.

शेवटी वहीतल्या मधल्या
एका कोऱ्या पानाचा फोटो काढून पाठवला.

दोन निळ्या खुणा आल्या.
ती विचारतेय,
मावशी, हे चुकून आलं का?