खपली

पट्टा चढला, जातं रिकामं फिरू लागलं
की पहिली पाटी ओतायच्या आधी
मामंजी स्क्रू-ड्रायव्हर घेतात.
पातं बेअरिंगच्या घरावर, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
दाराशी डब्यांची रांग: जनाक्काची ज्वारी, तांबोळ्यांचे तांदूळ,
एका पितळी डब्यात खपली गहू, उद्याच्या खिरीचा.
अख्ख्या रहिमतपुराला घाई.
मामंजींना नाही.

सार्जंट हिंदुराव निकम, इंजिन फिटर,
वायुदलात बावीस वर्षं.
कुणी विचारलं, विमान चालवत होता व्हय?
तर म्हणतात, नाही. थांबवत होतो.

इंजिनाच्या पोटात, तेलाच्या परतीच्या वाटेवर
एक चुंबक असतं, करंगळीच्या पेराएवढं.
विमान उतरलं की ते काढायचं,
पांढऱ्या फडक्यावर पुसायचं, उन्हात धरायचं.
राखाडी लव दिसली तर चालतं,
नवं लोखंड थोडं अंग घासतंच,
"नव्या सुनेसारखं," म्हणतात,
आणि माझ्याकडे बघायचं टाळतात.
पण चकाकलं काही, कोनाचं, नखाला लागणारं,
तर ती खपली.

मिनिटाला दहा हजार फेरे
आणि सगळा भार आवळ्याएवढ्या पोलादी गोळ्यांवर.
एकीला देवीचा व्रण पडला की तो शेजारणीला पाडतो.
आवाज तोच राहतो, वेग तोच,
काटे आपापल्या हिरव्या पट्टीत.
पहिल्यांदा कळतं ते तेलाला.

एका थंडीत त्यांना सापडली. अर्ध्या तिळाएवढी.
वहीत लाल शाईनं लिहिलं: उडणार नाही.
पायलट चिडला. साहेब म्हणाले, परत पूस.
परत पुसलं. फडकं स्वच्छ.
आता?
"साहेब, निघालीय म्हणजे कुठंतरी खड्डा पडलाय."

इंजिन उतरलं, खोक्यात बसलं, मालगाडीनं गेलं.
आत काय निघालं ते कुणी कळवलं नाही.
चार महिने मेसमध्ये चेष्टा:
निकम, डाळीत काही चमकलं का?

मग एक पत्रक आलं, दीड पानाचं.
या जातीच्या सगळ्या इंजिनांत
मागच्या बेअरिंगचा पिंजरा बदलावा,
रिव्हेटांचा काढून अखंड, चांदीचा मुलामा दिलेला.
तेलाचं भोक अर्धा मिलिमीटर वाढवावं.
चुंबक दर पंचवीस तासांनी बघावं.
खाली कुणा अनोळखी माणसाची सही.
का, ते लिहिलं नव्हतं.

मामंजींनी तो पिंजरा एकतीस इंजिनांत बसवला,
दर बोल्टाला तार पिळून, दर तारेखाली आरसा धरून.
"पुढं?" मी विचारलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी.
"पुढं काही झालं नाही."
"काहीच नाही?"
"तेच सांगतोय."

डावा कान त्यांचा धावपट्टीवरच राहिला.
उजवा साठीत गेला. उरलं होतं हाड.
आज सकाळी बराच वेळ उभे राहिले,
पातं टेकवून, मग जागा बदलून,
मग मूठ माझ्याकडे केली.
"तू बघ."

मी पदर मागं खोचला, हाडाला लाकूड लावलं.
आधी नुसता घोंगाट, ओढ्याला पाणी आल्यासारखा.
मग त्याच्या खाली,
फेऱ्याला एकदा,
दाताखाली खडा यावा तसं काही.
का मलाच वाटलं?

बटण दाबलं. पट्टा फडफडत थांबला.
"अगं, चांगली चालतीय की!" जनाक्का.
"माझी खपली तेवढी काढून दे, पाव्हणे यायचेत."
रांगेत कुणीतरी हसलं.
मामंजी स्टुलावर बसले, माझ्याकडे न बघता.

टोपण खोललं. काळं ग्रीस बोटावर घेतलं,
अंगठ्यानं चोळलं.
काही लागलं नाही.
फडक्यावर पुसलं, दाराशी आले,
डब्यांच्या रांगेतून वाट काढत
उन्हात.