पंधरावं आवर्तन

शाळेच्या हॉलमधले बाक भिंतीला लावून
रोज सकाळी छत्तीस वाद्यं जुळवायची.
ऐरोलीचा मे. खाडीची दमट हवा खुंट्यांत शिरायची,
शेवटचं व्हायोलिन लागेस्तोवर पहिलं उतरलेलं.
शिबिर पाचच दिवसांचं, त्यातला तासभर असा.

निधेश भोईरला मी व्हायोला दिला,
कारण व्हायोलिनं संपली होती.
"हा रडका का वाजतो?"
"सर्दी झालीय त्याला."
हसला नाही.

त्याच्या डब्यात सुकट.
चेलोवाल्या मुली पंख्याखाली सरकायच्या.
तो गजाला राळ घासत बसायचा,
मांड्या पांढऱ्या होईस्तोवर.

त्याच्या ओळीत वाजवणं कमी, थांबणंच फार:
सोळा आवर्तनं गप्प, मग तीन सूर, परत गप्प.
ओठ हलवत मोजायचा,
पाटीतले बोंबील मोजावेत तसा,
पाचापाचाचे वाटे करून.

शेवटच्या संध्याकाळी, पालकांसमोर,
पंधराव्यालाच घुसला.
तिथे सगळ्यांनाच विराम होता.
त्या फटीत तीन सूर.
जाडसर, खरखरीत,
आणि बिनचूक लागलेले.

मागून कुणी बाई मोठ्यांदा म्हणाली,
"आमचा पोर हाय तो."

बाक परत रांगेत लावले.
मग शिसपेन्सिलीने, माझ्या प्रतीत,
पंधराव्यावर
तीन टिंबं.