कस

चंदगडाहून लग्न होऊन बेळगावच्या वडगावात आले,
तर पहिल्याच सकाळी गल्लीतून आवाज:
"हसी कस, ओण कस!"
हसी म्हणजे हसणं असेल, वाटलं,
आणि कस म्हणजे जमिनीचा,
वडील मूठभर माती नाकाशी नेऊन बघायचे तो.
कोण बाई ही,
हसू आणि कस विकायलीय दारोदार?

देसूरकर वहिनी पोट धरून हसल्या.
"अगं, कस म्हणजे कचरा. कानडीत.
हसी ओला, ओण सुका.
दे सगळा एकत्रच, कोण बघायलंय?"

तीन वर्षं कुणी बघितलं नाही.
चघळलेल्या शेंगांचा चोथा, कुंद्याचा रिकामा डबा,
मागाखालचे जरीचे तुकडे,
सासऱ्यांच्या गोळ्यांची चंदेरी पाकिटं,
एकाच काळ्या पिशवीत. वर घट्ट गाठ.
गाठ मारली की घर स्वच्छ.
गाठीपलीकडचं
आपलं नसतं.

मग संक्रांतीनंतरच्या एका सोमवारी
फुटक्या बरणीच्या काचा
मी भाताच्या खरवडीत ढकलल्या.
मंगळवारी निंगव्वा आली नाही.
बुधवारी आली. उजव्या हाताला
इरकली काठाची चिंधी.
ओरडली नाही. डाव्या हातानं
पिशवी दाबून बघितली फक्त,
तापल्या पोराचं पोट बघावं तशी,
आणि म्हणाली,
"गाज ब्यारे इडरी, अक्का."
काच वेगळी ठेवा.
एवढी कानडी तोवर मला येत होती.
मराठीतली गाज समुद्राची असते.
त्या रात्री मला ती ऐकू आली,
समुद्र नसलेल्या या गावात.

(चौकातल्या पाटीवरच्या अक्षरांवरून
एकदा दगड उडाले होते.
दोन्ही बाजूंच्या काचा
दुसऱ्या दिवशी एकाच टोपलीत गेल्या.
टोपली निंगव्वाची.)

खानापूरच्या कुंभाराकडून तीन माठ आणले,
बुडाला भोकं पाडलेले.
"गळका माठ मुद्दाम मागणाऱ्या तुम्ही दुसऱ्या," तो म्हणाला.
पहिली कोण, ते सांगितलं नाही.

पहिला माठ नासला.
अळ्या झाल्या. वहिनींनी खिडकी लावून घेतली.
हे म्हणाले, "घरात गटार पाळायलीस काय?"
दुसऱ्याला सुताराकडचा भुसा घातला,
साली, भुसा, चहाचा चोथा, परत भुसा,
वर चमचाभर आंबट ताक.
तोही जरा हट्टीच निघाला.

दुधाच्या पिशव्या आता
धुऊन तारेवर चिमट्यानं वाळतात.
कापलेला कोपरा पिशवीलाच लटकता ठेवते,
सुटला की तो कुणाच्याच हाती लागत नाही.
ब्लेड कागदात, कागदावर कुंकवाची फुली.
कुंद्याला घरचा डबा नेते,
दुकानदार तो दोनदा तोलतो
आणि दोनदा माझ्याकडं बघतो.
गोळ्यांची पाकिटं मात्र एका बरणीत साठलीत.
ना धड पत्रा, ना धड प्लास्टिक.
त्यांचं काय करायचं मला ठाऊक नाही,
निंगव्वालाही नाही.
त्यांना दोन्ही भाषांत जागा नाही.

दसऱ्याच्या आधी तिसरा माठ उघडला.
काळं, भुसभुशीत, गार.
त्यात अंड्याचं एक टरफल अजून तसंच, हटून बसलेलं.
मी मूठ नाकाशी नेली,
आणि वडील क्षणभर परसात येऊन उभे राहिले.

निंगव्वाला हाक मारली.
तिनं माठात हात घातला, तोच हात,
तर्जनीवर पांढरी रेघ असलेला.
चुरून बघितलं. वास घेतला.
"छलो आगेद," म्हणाली. आणि मग,
थोडी रागावल्यासारखी, जणू मी फसवलंय तिला:
"इद कस अल्ल."
हा कचरा नव्हे.

मी म्हटलं, "अगं, हाच तर कस."
तिला कळलं की नाही, कोण जाणे.
पदराच्या टोकाला तिनं मूठभर बांधून घेतलं,
घरी डब्यात मिरचीचं रोप आहे म्हणाली.

तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला,
आणि देसूरकर वहिनी धावत आल्या,
हातात काळी पिशवी,
वर घट्ट गाठ.