रिकामे चौकोन

मार्चचा पहिला आठवडा. डकोटात अजून
रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून दगड झालेला.
आम्ही चार दिवस एकाच बाकावर,
रांग सतरावी, खांबामागे,
जिथून डावीकडची बास्केट अर्धीच दिसते.
म्हणून तिकीट स्वस्त. एकतीस वर्षं तीच जागा.

शेजारी डेलमार टॉलेफसन, गुडघ्यावर वही,
चाकूने तासलेली पेन्सिल.
पडलेल्या बास्केटला रेघ, हुकलेल्या नेमाला टिंब,
फाउलला फुली.
जन्मभर धान्याच्या कोठारावर काटा सांभाळलेला माणूस,
त्याला वाकडी रेघ खपायची नाही.
खाली पोरं घामाघूम, आमचे जीव टांगणीला,
आणि हा जणू गहू मापतोय.

लोक विचारतात, एवढं काय असतं हो त्यात?
कोण जिंकलं ते मला विचारू नका.
अंतिम सामन्यांचे आकडे
चाळणीतून पीठ जावं तसे गेले.
वर राहिला तो कोंडा:

त्या वर्षी हिमवादळात
व्हेलेन कॉलेजच्या बँडची बस वाटेतच अडकली,
तर समोरच्या संघाच्या वादकांनी
पाहुण्यांचं गीत फोनवर ऐकून वीस मिनिटांत उचललं.
ट्युबावाली मुलगी दोनदा चुकली.
तरी व्हेलेनच्या आया उभ्या राहून रडल्या.

आणि तो ऑसगुड, चार वर्षं बाकावरचा,
दुसऱ्यांच्या हातात टॉवेल देणारा.
शेवटची चाळीस सेकंदं त्याला आत सोडलं.
त्याने फेकलेला चेंडू
रिंगला नाही, फळ्याला नाही, कशालाच शिवला नाही.
अशा वेळी सगळं सभागृह एका सुरात हिणवतं,
तशी रीतच आहे.
त्या दिवशी चार हजार तोंडं
उघडता उघडता मिटली.
ती शांतता मला अजून ऐकू येते,
भट्टी दुरुस्त करायला कुणाच्या तळघरात उतरलो
की हमखास.

यंदा डेलमारच्या जागी आर्डिस आली.
तिला या खेळातलं ओ की ठो कळत नाही.
नवऱ्याची वही तिने पिशवीतून काढली,
मधलं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं.
“इथे काय झालं?”

रेघा, टिंबं, फुल्या, सगळं जागच्या जागी,
तिसऱ्या जादा वेळेपर्यंत.
पुढे चौकोन कोरे.
शेवटच्या चार मिनिटांचे. एकही खूण नाही.
एकतीस वर्षांत एवढंच एक पान.

मी तारीख पाहिली. माझ्या दंडाला आठवलं आधी:
तीन दिवस तिथे पाच बोटांचे वळ होते.
“इथे,” मी म्हणालो, “डेलमार बाकावर चढला.”
“चढला?”
“आणि ओरडला. शब्द नव्हते त्यात.
पेन्सिल खाली फटीत गेली, ती त्याने शोधलीच नाही.”
“आपण जिंकलो?”
“एका गुणाने हरलो.”

आर्डिसने कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवलं,
सावकाश, एकेकावर थांबत.
“घरी येऊन मला म्हणाला,
रस्ते निसरडे होते, उशीर झाला.
बस, एवढंच.”
मग ती हसायला लागली. खूप वेळ हसली.
पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं.

खाली पंच चेंडू घेऊन मधोमध आला.
आर्डिसने नवं पान काढलं. पेन्सिलीला टोक नव्हतं.
मी खिसे चाचपले,
चाकू दारावरच काढून घेतला होता.
“राहू दे,” ती म्हणाली,
आणि दातांनी लाकूड सोलायला लागली.
“हुकला तर काय काढायचं?”
“टिंब.”
चेंडू वर गेला.