निपाण्या घाटी

इंदूरहून बेचाळीस किलोमीटर,
त्यातले शेवटचे चार मांगीलालच्या मोटरसायकलवर,
मांडीवर फॉर्म, फॉर्मवर दगड.

लोकसंख्या दोनशे अकरा.
पहाटे बागरींकडे मुलगी झाली,
पेन्सिलीनं लिहीत होते म्हणून
बारा करता आले.

समुद्रसपाटीपासून उंची पाचशे ऐंशी मीटर.
समुद्र कुणी पाहिलाय, विचारलं
तर एकच हात वर झाला.
ट्रकवर क्लीनर होता तो, कांडल्यापर्यंत गेलेला.
"खारो हे," म्हणाला, आणि हात खाली.

पिकं : सोयाबीन, लसूण, गहू.
दुकान एक, कुलूप असलेलं.
शाळा पाचवीपर्यंत,
पुढं जायचं तर नाला ओलांडून.
प्रेक्षणीय स्थळे :
इथं मी बराच वेळ पेन्सिल चावली.
धापूबाई म्हणाली, लिख दे, म्हारी भैंस.
लिहिलं नाही. म्हैस खरंच देखणी होती.

मग तो रकाना : गावाचा पहिला लेखी उल्लेख.
तो मात्र मी घेऊनच आले होते.
होळकरांच्या दप्तरातला एक चिटोरा,
मोडीतला, कडेनं वाळवीनं कुरतडलेला.
मोडी मला वडिलांनी शिकवली,
रामबागेतल्या दोन खोल्यांत, 
वीज गेलेल्या संध्याकाळी,
कुणाला कधी लागेल असं न वाटता.

चबुतऱ्यावर सगळे बसले. मी वाचलं,
मग त्यांच्या बोलीत सांगितलं :
मौजे निपाण्याचे विहिरीवरील दोर
रात्रौ चोरीस गेला,
रयतेस पाणी काढावयास उपाय नाही,
तरी बंदोबस्त व्हावा.

एवढंच. ना लढाई, ना देऊळ, ना इनाम.
नावात पाणी नाही म्हणणारं हे गाव
इतिहासात आलं ते विहिरीवरून.

कुणी हसेल असं वाटलं होतं.
कंवरलाल पटेलांनी पागोटं नीट केलं,
दोन घरांकडे, का कोण जाणे, सगळ्यांनी एकदमच पाहिलं
आणि पाहिलं नाही असं केलं.

मग धापूबाई :
"तो रस्सी मली के नी?"

कागद उलटा केला. मागे कोरा.
म्हटलं, ते लिहिलेलं नाही.
"दो सौ बरस," ती म्हणाली,
"ने कणी ने लिख्यो बी नी."

शेरा या रकान्यात तीन ओळींची जागा होती.
परतताना नाल्यापाशी थांबून लिहिलं :
दोराचा तपास बाकी.
साहेब खोडतील. म्हणून
तेवढं मी पेनानं लिहिलं.